आशिया-आफ्रिकेच्या संस्कृतींनी ख्रिस्ती ईश्वरविज्ञान बदलले, की केवळ त्याची मांडणी?

प्रश्न : अभ्यासगट_सदस्य

नमस्कार. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासगटात सध्या एका मुद्द्यावर चर्चा अडून बसली आहे, म्हणून तो येथील जाणकारांपुढे ठेवतो. गटातील काहींचे म्हणणे असे की सुवार्ता, म्हणजे येशूच्या तारणाचा संदेश, सर्वकाळ एकच आहे; आफ्रिकेतील मंडळीने ढोलाच्या तालावर उपासना केली किंवा भारतातील मंडळीने भजन-कीर्तन केले, तर तो पोशाखाचा फरक होय, आतला देह तोच राहतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्याला आपण मूळ सिद्धांत म्हणतो तोही एका विशिष्ट संस्कृतीतच घडला, तेव्हा इतरांनी आपापल्या संस्कृतीत तो नव्याने घडवण्यात वावगे काहीच नाही.

मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात संस्कृतीला फारच वरवरचे मानले जाते आणि दुसऱ्यात चूक-बरोबर ठरवण्याचा आधारच उरत नाही. १९१० साली जगातील ख्रिस्ती लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश युरोपात राहत होते. शंभर वर्षांत ते प्रमाण जेमतेम एक चतुर्थांशावर आले. ख्रिस्ती जगाचे केंद्र इतके सरकूनही विश्वासाच्या आशयाला काहीच झाले नसेल, हे पटत नाही. मग नेमके काय बदलले? तो बदल योग्य की अयोग्य हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? आणि मिशनकार्याच्या कल्पनेवर त्याचा काय परिणाम झाला? तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष घडलेली उदाहरणे मिळाली, तर गटात अधिक उपयोग होईल.

उत्तर : मंडळीचा_इतिहास

पोशाख आणि देह ही उपमा ज्या ठिकाणी अडखळते, तेथूनच सुरुवात करतो. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये यरुशलेमेतील सभेपुढे आलेला वाद वरवरच्या चालीरीतींचा नव्हता. सुंता आणि मोशेचे नियमशास्त्र हा देवाच्या कराराचा भाग होता आणि त्याला शास्त्राचाच आधार होता. तरीही प्रेषितांनी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर ते ओझे लादले नाही. मिशनचे इतिहासकार अँड्र्यू वॉल्स यांनी या निर्णयाचे मर्म फार नेमके टिपले आहे. ग्रीक माणसाला यहुदी करून घेतले असते, तर त्याला तयार जीवनपद्धती मिळाली असती. ती न दिल्यामुळे त्याला आपले ग्रीक घर, ग्रीक बाजार आणि ग्रीक विचार हे सगळे स्वतः ख्रिस्ताकडे वळवावे लागले. मूर्तीला वाहिलेले मांस खावे काय, हा प्रश्न करिंथ या ग्रीक शहरातील विश्वासणाऱ्यांपुढे आला तो यामुळेच. यरुशलेमेत राहणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्याला असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे. संस्कृती प्रथम प्रश्न बदलते, आणि प्रश्न बदलला की त्याच शास्त्रातून आजवर कोणी न मागितलेले उत्तर शोधावे लागते. ३२५ साली नायसिया येथील धर्मसभेत पिता आणि पुत्र एकाच सत्त्वाचे आहेत असे ठरले, ते ग्रीक विचारात वाढलेल्या माणसांनी ग्रीक प्रश्न विचारला म्हणून. ख्रिस्ताविषयी जे तेथे उमगले ते पुढे सर्वांचे झाले, परंतु तो प्रश्न गालीलच्या कोळ्यांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, त्या स्वरूपात विचारला नसता. अकराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील आर्चबिशप अँसेल्मने तारणाचा विचार मांडला तो देवाच्या मानाची भरपाई या अंगाने. सरंजामी समाजात धन्याच्या मानाला किती महत्त्व होते हे लक्षात घेतले, म्हणजे ही मांडणी तेथेच का सुचली ते कळते. म्हणून केवळ आशिया-आफ्रिकेच्या ईश्वरविज्ञानाला, म्हणजे देवाविषयीच्या पद्धतशीर विचाराला, 'स्थानिक' म्हणणे आणि युरोपच्या ईश्वरविज्ञानाला नुसते 'ईश्वरविज्ञान' म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हे रोमला, म्हणजे कॅथलिक मंडळीच्या केंद्राला, उमगले नव्हते असेही नाही. मिशनकार्यासाठी नेमलेल्या धर्मसभेने १६५९ साली पूर्व आशियात जाणाऱ्या बिशपांना लेखी सूचना दिली होती, की लोकांच्या चालीरीती उघडपणे धर्माच्या किंवा नीतीच्या विरोधात नसतील तर त्या बदलू नका; फ्रान्स, स्पेन किंवा इटली उचलून चीनमध्ये नेण्याइतके विसंगत दुसरे काही नाही. तरीही पूर्वजांना वंदन करण्याच्या चिनी विधींचा वाद चिघळत गेला. चीनमध्ये काम केलेले मात्तेओ रिची आणि त्यांच्यानंतरचे अनेक जेझुइट (कॅथलिकांच्या त्या नावाच्या संघाचे मिशनरी) त्या विधींना कौटुंबिक आदर मानत होते. १७४२ साली पोप चौदाव्या बेनेडिक्टने ते कायमचे निषिद्ध ठरवले.

त्या निर्णयाचे मोल कोणी दिले हे पाहण्यासाठी कोरियाकडे वळावे लागते. तेथील यून जी-चुंग या विद्वानाने १७९१ साली आईच्या मृत्यूनंतर बेजिंगच्या बिशपांचा आदेश पाळून पूर्वजपूजेचे विधी केले नाहीत आणि पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जाळल्या. राजसत्तेच्या दृष्टीने हा आईबापांचा आणि राज्याचा द्रोह होता. त्याच वर्षी त्याला आणि त्याच्या मामेभावाला देहान्त शिक्षा झाली. पुढे १९३९ साली रोमने चीनसाठी तो निषेध मागे घेतला, आणि २०१४ साली यून जी-चुंगला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्याच्या विश्वासाविषयी मला नितांत आदर आहे, आणि त्याच आदरापोटी वाटते की ज्या प्रश्नावर त्याने प्राण दिले, तो प्रश्न सोडवण्यात कोरियन माणसांना सहभाग मिळायला हवा होता.

उत्तर : आफ्रिका_अभ्यासक

वरील उत्तरातील 'प्रश्न बदलतो' या मुद्द्याला मी आफ्रिकेतील एक उदाहरण जोडते. ते पूर्णपणे व्यवहारातले आहे, आणि ईश्वरविज्ञान व्यवहारात कसे घडते ते त्यात स्पष्ट दिसते.

एका पुरुषाला तीन बायका आहेत आणि तो बाप्तिस्मा मागतो. त्याला काय सांगावे? १८८८ साली लंडनमधील लँबेथ येथे भरलेल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) बिशपांच्या परिषदेने ठरवले की बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये. त्याने ख्रिस्ती नियम पाळण्याच्या स्थितीत येईपर्यंत उमेदवार म्हणून शिक्षण घेत राहावे. कागदावर हा नियम स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात त्या स्थितीत येण्याचा बहुतेकांना दिसणारा मार्ग एकच होता, तो म्हणजे एक बायको ठेवून बाकीच्यांना घराबाहेर काढणे. त्या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना मग ना घर, ना जमीन, ना समाजात स्थान. म्हणजे एका पुरुषाच्या तारणाची किंमत त्याच्या बायकांनी मोजायची! शंभर वर्षांनी, १९८८ साली, त्याच परिषदेने निर्णय बदलला, आणि त्यामागे आफ्रिकेतील बिशपांचा आग्रह होता. एकपत्नीत्व हीच देवाची योजना असल्याचे पुन्हा सांगून परिषदेने अशा पुरुषाला त्याच्या विश्वासू बायका-मुलांसह बाप्तिस्मा घेण्याची मुभा दिली. अटी अशा की त्याने त्या बायका हयात असेपर्यंत पुन्हा लग्न करू नये, स्थानिक मंडळीची संमती असावी, आणि कोणत्याही बायकोला सोडून देण्याची त्याच्यावर सक्ती होऊ नये, कारण तिच्यावर सामाजिक संकट ओढवेल.

येथे विवाहाचा सिद्धांत सैल झाला, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. जुना नियम करताना ज्या स्त्रीकडे कोणी पाहिलेच नव्हते, ती निर्णयाच्या केंद्रस्थानी आली. आणि सोडलेल्या स्त्रीविषयी संदेष्ट्यांनी व येशूने जे सांगितले आहे, ते शास्त्रवचन या प्रश्नाला लागू होते हे प्रथमच लक्षात आले.

दुसरे उदाहरण उपासनेचे आहे. काँगोतील, म्हणजे त्या वेळच्या झाईरमधील, धर्मप्रांतांसाठी रोमने १९८८ साली मिस्साविधीचा (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचा) एक वेगळा क्रम मान्य केला. किन्शासाचे कार्डिनल मालुला यांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली होती. त्यात नृत्य आहे, ढोल आहेत, आणि बाहेरच्यांच्या नजरेत तेवढेच भरते. अधिक महत्त्वाचा बदल क्रमाचा आहे. रोमन विधीत पापकबुली आरंभीच होते. येथे ती शास्त्रवाचन, प्रवचन आणि विश्वासांगीकार झाल्यानंतर येते आणि तिला लागूनच शांतीची भेट होते. आधी देवाचे वचन ऐकायचे, त्या वचनाने आपला दोष दाखवला की तो कबूल करायचा, मग शेजाऱ्याशी समेट करायचा, आणि त्यानंतरच वेदीवर अर्पण न्यायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने अर्पणाआधी भावाशी समेट करण्याची जी आज्ञा दिली आहे, तिच्याशी हा क्रम किती जुळतो ते पाहावे. विधीच्या आरंभी संतांसोबत सरळ मनाच्या पूर्वजांचेही स्मरण होते. मेलेले आणि जिवंत यांचा एकच समाज असतो ही आफ्रिकेतील खोल जाणीव, आणि संतांच्या सहभागितेवरचा जुना ख्रिस्ती विश्वास, या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी उभ्या राहतात. टांझानियाचे चार्ल्स न्यामिटी यांनी ख्रिस्तालाच आपला पूर्वज म्हणून समजून घेण्याचा जो प्रयत्न केला, त्याची मुळे याच जाणिवेत आहेत.

तिसरे उदाहरण रोजच्या अडचणींचे आहे. पॉल हीबर्ट भारतात मिशनरी होते. त्यांनी १९८२ साली लिहिले की पाश्चात्य शिक्षणाने घडलेल्या मिशनऱ्यापाशी दोनच मजले होते : वर देव व सनातन सत्ये, खाली विज्ञान. लोकांचे रोजचे प्रश्न मात्र मधल्या मजल्यावरचे होते. मूल आजारी का पडले, कोणाची बाधा झाली, पेरणीला आजचा दिवस चांगला आहे काय? या प्रश्नांना मंडळीत उत्तर मिळाले नाही की माणूस रविवारी उपासनेला जाई आणि सोमवारी मांत्रिकाकडे. आफ्रिकेतील स्वतंत्र मंडळ्यांनी हा मजला रिकामा ठेवला नाही. १९२१ साली काँगोत सायमन किंबांगू यांच्या भोवती लोक जमले ते आजारी बरे होतात म्हणून. बेल्जियन सत्तेने त्यांना पकडले आणि १९५१ साली तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने उभी राहिलेली मंडळी १९६९ साली जागतिक मंडळी परिषदेची सदस्य झाली.

उत्तर : एक_पाळक

दोन्ही उत्तरे आदराने वाचली, तरी एक सावधगिरी नोंदवल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतीला ईश्वरविज्ञानात मोकळी वाट दिली की ती नेहमी चांगलेच आणते, असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतील) मंडळीच्या १८५७ सालच्या धर्मसभेने, काहींच्या 'दुर्बलतेमुळे' वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांनी वेगळी उपासना करायला हरकत नाही असे ठरवले. आरंभी ती एक व्यावहारिक सवलत होती. पुढे त्याच वाटेने वर्णभेदाला शास्त्राचा आधार देणारे अख्खे ईश्वरविज्ञान उभे राहिले. लोकांच्या भावना सांभाळण्याच्या नावाखाली सुवार्तेचा गाभाच हातातून गेला.

मात्र याच इतिहासाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. या चुकीला सर्वांत स्पष्ट उत्तर दिले ते त्याच व्यवस्थेने बाजूला काढलेल्या मिश्रवर्णीयांच्या डच रिफॉर्म्ड मिशन मंडळीने. तिने १९८२ साली केप टाउनजवळच्या बेलहार येथे विश्वासाच्या कबुलीजबाबाचा मसुदा मांडला आणि १९८६ साली तो स्वीकारला. मंडळीची एकता, ख्रिस्तातील समेट आणि देवाचा न्याय हे तीन विषय त्यात विश्वासाचे विषय म्हणून येतात, आणि देव दीनांच्या व अन्यायग्रस्तांच्या बाजूने विशेष रीतीने उभा राहतो असे तो सांगतो. युरोपातून आलेल्या कॅल्विनवादी परंपरेला तिच्याच भाषेत, परंतु तिने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांच्या जागेवरून, ही मंडळी शास्त्र वाचून दाखवत होती. म्हणून माझा आक्षेप संस्कृतीच्या सहभागाला नाही. संस्कृतीच्या नावाने कोण बोलतो आहे, हे तपासल्याशिवाय तिला मान्यता देऊ नये एवढेच.

उत्तर : देशी_ईश्वरविज्ञान

पाळकांच्या शेवटच्या वाक्यावर भारतातील ईश्वरविज्ञानाने फार कष्टाने विचार केला आहे.

रॉबर्टो दे नोबिली १६०६ साली मदुराईला आले आणि संन्याशाचा वेष, शाकाहार, संस्कृत व तमिळ ग्रंथांचा अभ्यास असा मार्ग त्यांनी धरला. १६२३ साली पोप पंधराव्या ग्रेगरीने जानवे, शेंडी, चंदन या गोष्टी ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना ठेवू दिल्या. धैर्याच्या दृष्टीने हा प्रयोग विलक्षण होता. परंतु तो टिकवण्यासाठी खालच्या मानलेल्या जातींतील ख्रिस्ती बांधवांपासून अंतर ठेवावे लागले, आणि उपासनेच्या जागाही वेगळ्या झाल्या. पुढे बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाला) सच्चिदानंद म्हणून वंदन केले. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि भक्तीच्या वाटेने ख्रिस्ताला गायिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करण्याचा प्रयत्न केला. टिळकांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. त्यांचा मार्ग लोकांपर्यंत पोहोचला, कारण भक्तिपरंपरा सर्व जातींची होती.

वेदान्ताच्या वाटेविषयी मात्र अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानापासून एक खडा सवाल उभा केला. भारतातील ख्रिस्ती लोकांपैकी बहुसंख्य दलित समाजातून आलेले असताना भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञान ब्राह्मणी परंपरेशीच का बोलत राहिले? ज्यांना वेद ऐकण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या लेकरांना वेदान्ताच्या परिभाषेत ख्रिस्त सांगणे, हे त्यांच्या संस्कृतीत रुजणे कसे म्हणता येईल? निर्मळ यांनी यशयाच्या ५३ व्या अध्यायातील तुच्छ मानलेल्या सेवकाकडे आणि नासरेथच्या सभास्थानात येशूने केलेल्या, दीनांना सुवार्ता सांगण्याच्या घोषणेकडे लक्ष वेधले. सेवा करणारा देव हा त्यांच्या विचाराचा गाभा होता, आणि भंगी, महार, मांग यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कामाकडे त्या देवाच्या उजेडात पाहण्याची हिंमत त्यांनी केली.

हाच सवाल इतरत्रही उठला. कोरियात १९७० च्या दशकात आन ब्युंग-मू आणि सुह नाम-दोंग यांनी हुकूमशाहीखाली दबलेल्या सामान्य जनतेच्या अंगाने मार्काचे शुभवर्तमान वाचले. घानाच्या मर्सी अंबा ओडुयोये यांनी पुरुष ईश्वरविज्ञान्यांना सुनावले की आफ्रिकन संस्कृती म्हणून ज्याचा गौरव चालला आहे, त्यातील पुष्कळसे स्त्रियांना जखडणारे आहे. १९८९ साली त्यांच्या पुढाकाराने आफ्रिकी स्त्री-ईश्वरविज्ञान्यांचे मंडळ स्थापन झाले. कोणतीही संस्कृती एकजिनसी नसते. तिच्यात मालक असतात आणि राबणारेही असतात. तेव्हा 'आमची संस्कृती' असे म्हणणाऱ्याला 'तुमच्यापैकी कोणाची?' असे विचारणे हे मंडळीचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : अभ्यासगट_सदस्य

सर्वांचे मनापासून आभार. लँबेथ आणि बेलहार ही दोन्ही उदाहरणे गटात घेणार आहे. मिशनकार्याचा भाग तेवढा राहिला. निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध असावा असे आता वाटू लागले आहे.

उत्तर : मंडळीचा_इतिहास

संबंध अगदी थेट आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे रूफस अँडरसन यांनी ध्येय ठेवले होते की नवी मंडळी स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च चालवणारी आणि स्वतः प्रसार करणारी व्हावी. व्हेन यांच्याच आग्रहाने १८६४ साली सॅम्युएल अजायी क्राउदर हे आफ्रिकेतील पहिले कृष्णवर्णीय अँग्लिकन बिशप झाले. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले क्राउदर योरुबा बायबलचे भाषांतरकार होते, आणि नायजर नदीकाठचे मिशन त्यांनी आफ्रिकी सहकाऱ्यांच्या बळावर चालवले. १८९० साली तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांचे अधिकार काढून घेतले, पुढच्याच वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. तत्त्व कागदावर राहिले. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतातील व्ही. एस. अझरय्या यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त करून अखेरीस मागितले ते मित्र. त्या मागणीला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ती वाचताना आजही मन हलते.

हीबर्ट यांनी व्हेन-अँडरसन यांच्या तीन गोष्टींत चौथी घातली : मंडळीने स्वतः ईश्वरविज्ञान घडवणे. कारभार आणि पैसा हाती आला, तरी शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहिला, तर मंडळी सज्ञान झाली असे म्हणता येत नाही. निर्णय कसा घ्यावा याविषयीही त्यांनी मार्ग सुचवला. जुनी चाल सरसकट नाकारू नये आणि सरसकट स्वीकारूही नये. प्रथम ती काय आहे हे मंडळीने एकत्र बसून समजून घ्यावे, मग त्या विषयावरील शास्त्र अभ्यासावे, आणि ठेवायचे काय, सोडायचे काय, बदलायचे काय याचा निवाडा त्या लोकांनीच करावा. बाहेरच्या मंडळ्यांचे ऐकावे, कारण आपला दोष आपल्याला सहसा दिसत नाही. यात देशी_ईश्वरविज्ञान यांची अट मी जोडेन : एकत्र बसणाऱ्यांत त्या चालीची झळ ज्यांना बसते ते असलेच पाहिजेत.

मिशनच्या अर्थात काय बदल झाला ते १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या सुवार्ताप्रसाराच्या जागतिक परिषदेत दिसले. एक्वादोरचे रेने पादिया आणि पेरूचे सॅम्युएल एस्कोबार यांनी तेथे सांगितले की अमेरिकी राहणीला सुवार्ता समजून तिची निर्यात करणे थांबवा, आणि आत्म्याचे तारण व समाजातील न्याय यांची फारकत करू नका. लॅटिन अमेरिकेत दारिद्र्य आणि लष्करी राजवटी जवळून पाहिलेल्या माणसांनाच हे इतक्या निकडीने सांगता आले. लोझान करारनाम्यात सामाजिक जबाबदारीचे स्वतंत्र कलम आले, आणि मिशनांनी अनेकदा सुवार्तेबरोबर परकी संस्कृतीही निर्यात केली अशी कबुलीही आली.

आता प्रवाह उलटाही वाहतो. १९५२ साली नायजेरियात स्थापन झालेल्या रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉडच्या मंडळ्या आज ब्रिटनमध्ये गावोगावी आहेत. रात्रभराच्या प्रार्थना, आजाऱ्यांवर हात ठेवणे, दुष्टात्म्यांविरुद्धचा झगडा ही उपासना त्यांनी सोबत आणली आहे. परंतु त्या मंडळ्यांत येणारे बहुतांश लोक नायजेरियन कुटुंबांतलेच आहेत आणि आसपासचा गोरा इंग्रज माणूस फारसा आत येत नाही. त्याला आत यायचे असेल तर नायजेरियन पद्धतीने प्रार्थना करायला शिकावे लागेल काय, की त्याच्या प्रश्नांनी त्या मंडळीची प्रार्थनाच बदलेल, हे ठरवण्याची जबाबदारी आता आफ्रिकी पाळकांवर आहे. गटात कृत्ये १५ वाचताना त्यांनाही डोळ्यांसमोर ठेवावे असे सुचवतो.